संकेश्वरचा लाल फ्यूज

बेंगळुरूहून कोल्हापूर-पुण्याकडे गाडीनं जाताना आपल्यापैकी बहुतेकांनी संकेश्वर पाहिलं आहे, म्हणजे खरं तर पाहिलेलं नाही. बेळगाव मागे पडतं, वंटमुरीचा घाट जातो, हत्तरगीचा टोलनाका येतो, मग संकेश्वरची पाटी दिसते आणि आपण म्हणतो, "चला, आता तवंदीचा घाट, मग निपाणी, आलंच कोल्हापूर." गाडी काही थांबत नाही. मीही बारा वर्षं असाच गेलो. गेल्या जानेवारीत मात्र संकेश्वरला जवळजवळ तीन तास थांबावं लागलं. कारण होतं एक फ्यूज, किंमत पाच रुपये.

झालं असं. माझं आजोळ गडहिंग्लजजवळ. मावशीनं बेळगावात नवीन घर बांधलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास्तुशांत होती. आजीचं सागवानी कपाट, शिसवी पलंग, दगडी जातं आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची सहा पोती मामांच्या पिकअपमधून पोचवायची होती. मी रजेवर आलेलो, म्हणून सोबतीला निघालो. सामान चढवता चढवता चार वाजले, त्यात चहा झाला, त्यात शेजारच्या काकूंनी मावशीसाठी लोणच्याची बरणी आणून दिली. निघेपर्यंत सूर्य कलला होता.

गडहिंग्लज ते संकेश्वर पंधराएक किलोमीटर. हिरण्यकेशी नदीही त्याच दिशेनं जाते. आंबोलीजवळ उगम पावते, आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते आणि पुढं घटप्रभेला मिळते. तिला राज्याची सीमा लागत नाही. आपल्याला लागते ती दुकानांच्या पाट्यांवरून. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण दोन्हीकडचे बाजार, सोयरिकी आणि मिरच्या काही वेगळ्या झाल्या नाहीत. कोल्हापुरातल्या घरांत वर्षाच्या चटणीला अजून संकेश्वरी मिरचीच लागते.

गळिताचा हंगाम होता. संकेश्वरात साखर कारखाना आहे, त्यामुळे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. अंधार पडायला लागला म्हणून मामांनी लाइट लावले आणि थोड्याच वेळात, एका खड्ड्यात गाडी आदळली तशी, समोरच्या मीटरचा उजेड गेला. हेडलाइट चालू होते. मामा म्हणाले, "मीटरची लाइट गेली बघ. जाऊ दे, बेळगावात बघू." तेवढ्यात मागच्या ट्रकवाल्यानं शेजारून गाडी घेत ओरडून सांगितलं, "मागं काहीच दिसंना की ओ!"

गाडी कडेला घेतली. मी उतरून मागे गेलो. मामांनी ब्रेक दाबला तेव्हा लाल दिवे लागले, सोडला की पूर्ण अंधार. म्हणजे ब्रेकचे दिवे ठीक, टेल लॅम्प बंद. मीटरचा उजेड, पुढचे छोटे पार्किंगचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा, सगळं एकदम गेलेलं. चार बल्ब एकाच वेळी जळत नाहीत. एकदम गेलं म्हणजे फ्यूज, एवढं माझ्याही लक्षात आलं. मी बीई इलेक्ट्रॉनिक्स. त्यानंतर सगळं आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये गेलं असलं तरी डिग्री डिग्रीच.

फ्यूजचा डबा डॅशबोर्डच्या खाली होता. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा त्याचा नकाशा असतो, तिथंच प्लॅस्टिकचा छोटा चिमटा असतो. मोबाइलच्या उजेडात टेल लॅम्पचा फ्यूज ओढून काढला. लाल रंगाचा, १० अँपिअरचा. आतली बारीक पट्टी तुटलेली, प्लॅस्टिक काळवंडलेलं. गाड्यांमध्ये हे रंग ठरलेले असतात: तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. असे दोन पात्यांचे फ्यूज १९७६ साली अमेरिकेतल्या लिटलफ्यूज कंपनीनं आणले. त्याआधी काचेच्या नळीचे असायचे.

डब्यात एक जादा लाल फ्यूज होता. लावला, दिवे लागले. मामांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. पन्नास पावलं गाडी गेली आणि पुन्हा अंधार.

आता लाल फ्यूज संपले होते. एक पिवळा शिल्लक होता, २० अँपिअरचा. मी म्हणालो, "मामा, हा लावू. बेळगावापर्यंत पन्नासएक किलोमीटर तर आहे." सकाळी सहाला पूजा सुरू होणार होती, मावशीचे तीन फोन येऊन गेले होते. पिवळा फ्यूज मी चिमट्यात धरलासुद्धा.

आम्ही थांबलो होतो त्याच्या जवळच एक पत्र्याचं दुकान होतं. बाहेर जुन्या बॅटऱ्या, आत वायरची भेंडोळी. त्याचे मालक, साठीच्या पुढचे एक काका, आमचा खेळ बघत होते. ते जवळ आले आणि म्हणाले, "सावकार, ते पिवळं लावू नका. दिवा लागंल, पण आत वायर पेटंल."

मला वाईट वाटलं, कारण ते बरोबर होतं आणि मला ते माहीत असायला हवं होतं. पाच वॅटचा एक टेल लॅम्प १२ व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. ते सगळे छोटे दिवे मिळून तीनेक अँपिअर होतात. तरीही १० चा फ्यूज दोनदा जातो, म्हणजे वाटेत कुठंतरी वायर उघडी पडून गाडीच्या पत्र्याला टेकली आहे. तिथं २० चा फ्यूज लावला तर तो उशिरा वितळणार किंवा वितळणारच नाही, आणि १० अँपिअरच्या हिशेबानं टाकलेली वायर आधी तापणार. कुणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावतात, कुणी वायरचा तुकडा घालतात. तेही तेच.

मी तरी म्हणालो, "काका, मग तसंच गेलो तर? हेडलाइट आहेत, ब्रेकचे आहेत."

उत्तर मामांनी दिलं. इतका वेळ गप्प होते. "न्हाई. गेल्या गळिताला आमच्या गल्लीतला पोरगा रात्री बिनलाइटच्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. बावीस वर्षांचा. त्याच्या घरात अजून कोण धड बोलत न्हाई." मग काकांना म्हणाले, "किती बी वेळ लागू दे, नीट करा."

मी पिवळा फ्यूज डब्यात परत ठेवला.

काकांनी आधी विचारलं, "कधीपास्नं जातोय?" मामा म्हणाले, "आजच. काल रात्री तर झकास लागत होती." "काल गाडी रिकामी होती?" "होय." काका हसले आणि मुलाला कन्नडमधून काहीतरी सांगितलं. मुलगा एक बल्ब घेऊन आला. होल्डरला दोन वायरी आणि टोकांना फ्यूजसारखी दोन पाती जोडलेली. हेच त्यांचं हत्यार.

फ्यूजच्या जागी त्यांनी तो २१ वॅटचा बल्ब लावला. पार्किंगचे दिवे चालू केल्यावर बल्ब भगभगून पेटला. काकांनी समजावलं, "जोरात पेटला म्हणजे करंट दिव्यात न जाता थेट बॉडीत चाललाय. फ्यूज लावून बघत बसलो तर दर येळी एक फ्यूज जाईल. हा बल्ब काय जळत न्हाई, आणि वायरलाबी तापू देत न्हाई. आता वायर हलवत जायाचं. हा मंद झाला की समजायचं, चोर तिथंच हाय."

मला केबिनमध्ये बल्बकडे बघत बसवलं. काका आणि मुलगा टॉर्च घेऊन खाली शिरले. पुढून मागे, हातभर हातभर वायर हलवत. मी ओरडायचो, "जोरात आहे!" पुन्हा, "जोरातच आहे!" वीसेक मिनिटं तेच. थंडी वाजत होती. शेजारून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, काहींच्या मागे फक्त एक लाल फडकं बांधलेलं. मामा प्रत्येक ट्रॉलीकडे वळून बघत होते.

अचानक बल्ब मंद झाला. "काका, उतरला!" "हां, आता?" पुन्हा भगभगला. "आता जोरात!" "सापडलं बघा."

मागच्या डाव्या पाट्यांजवळ, हौद्याच्या आडव्या चॅनेलखालून वायर गेली होती. तिची पट्टी कधीतरी तुटली होती. गाडी रिकामी असताना वायर मोकळी राहायची. पण कपाट, पलंग, जातं आणि सहा पोती चढल्यावर पाटे बसले, हौदा खाली आला आणि एका बोल्टच्या डोक्यानं वायरची साल खाल्ली. लोड आल्यावरच दिसणारा बिघाड! कामावर अशांच्या मागे मी कितीतरी रात्री जागलो आहे. आणि कधीकधी, खरं सांगतो, इशारा देणारी सूचनाच बंद करून घरी गेलो आहे. तो पिवळा फ्यूज तसाच होता.

काकांनी उघडी वायर कापून नवा तुकडा जोडला, टेप गुंडाळली, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि बोल्टपासून लांब, टाय मारून चॅनेलला बांधली. मग फ्यूजच्या डब्यात लाल फ्यूज. दिवे लागले. गाडी पुढंमागं घेऊन, खड्ड्यात घालून पाहिली. लागलेलेच राहिले.

चहा पिताना दुकानाचा दिवा एकदा मिचकावला. काका म्हणाले, "आमची सोसायटीची लाइट." १९६९ साली देशात ज्या मोजक्या ग्रामीण वीज सहकारी संस्था प्रयोग म्हणून उभ्या राहिल्या, त्यांतली एक या हुक्केरी तालुक्यातली. आपल्या श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा ही तिची समवयस्क. मुळा-प्रवरा ऐकलेली होती, इथली मला त्या दिवशी कळली.

काकांनी दोनशे रुपये घेतले. मी जास्त देऊ केले तर म्हणाले, "फ्यूज पाच रुपयांचा हाय, बाकी मजुरी. जादा कशाला?" आणि चार लाल फ्यूज कागदात बांधून दिले.

पुढच्या वेळी गावी निघताना तुमच्याही गाडीच्या डब्याचं झाकण एकदा उघडून बघा. जादा फ्यूज आहेत का, चिमटा आहे का, नकाशा वाचता येतो का. फ्यूज गेला तर त्याच आकड्याचा एकदा लावून बघा. तोही गेला तर तिसरा लावू नका, बिघाड शोधणारा माणूस शोधा. आणि निघण्याआधी कुणालातरी गाडीच्या मागे उभं करून दिवे बघायला सांगा. आमच्या घरी हे काम आता माझ्या सात वर्षांच्या मुलीकडे आहे. ती मागून ओरडते, "डावा आहे! उजवा आहे! ब्रेक आहे!"

त्या रात्री वंटमुरीच्या घाटात मामा एका पिंपळाशी थांबले आणि मला म्हणाले, "उतर, मागं बघून ये." मी उतरलो. दोन्ही दिवे लागलेले होते. परत येऊन सांगितलं, तेव्हाच त्यांनी गिअर टाकला. मावशीच्या दारात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ती रागावली, मग कपाटावरून हात फिरवत राहिली.