अक्कलकुव्याच्या वाटेवरील शेतीच्या खुणा

नंदुरबारहून निघून प्रकाशा येथे तापी ओलांडली की तळोद्याकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या उजव्या हाताला सातपुड्याची रांग सोबतीला येते. डाव्या हाताला तापीकाठची काळी जमीन पसरलेली असते. त्या जमिनीत केळी, ऊस, कापूस आणि मिरची. डोंगरात ज्वारी, मका, भगर आणि मोर. या दोन शेतींच्या सांध्यावर अक्कलकुवा वसले आहे. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्ग येथून पुढे खापर गावावरून गुजरातच्या सागबारा तालुक्यात उतरतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला आणि अक्कलकुवा त्याचा वायव्येकडील सीमेवरचा तालुका ठरला.

काही देशांत शेतीच्या इतिहासाचे फलक रस्त्याच्या कडेला लावलेले असतात: येथे पहिला कालवा निघाला, तेथे अमुक पीक प्रथम आले. अक्कलकुव्याच्या वाटेवर असे फलक नाहीत; पण खुणा आहेत. कोठे पांढरीचे टेकाड, कोठे धान्याची टोपली, कोठे होळीचा दांडा, कोठे हद्दीचा दगड, तर कोठे आठवडेबाजारातला तराजू. त्या ओळीने वाचल्या तर खानदेशच्या शेतीचा बराचसा इतिहास हाती लागतो. व्यापारी घरांनी तो वाचावा, याला विशेष कारण आहे. त्या इतिहासात पिकवणाऱ्यासमोर बहुतेक वेळा घेणाराही उभा आहे.

प्रकाशाची पांढर

पहिली खूण प्रकाशा येथेच भेटते. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे गाव केदारेश्वराच्या देवालयामुळे दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. येथील पांढरीच्या टेकाडावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी १९५५ साली उत्खनन केले. तेव्हा सर्वांत खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात माणसे येथे स्थिरावली होती. त्यांच्या रंगीत खापरांचे नाते एकीकडे माळव्याशी, तर दुसरीकडे गोदावरी–प्रवरा खोऱ्यातील जोर्वे संस्कृतीशी जुळते. नदीकाठच्या काळ्या मातीने माणसाला एका जागी थांबवले आणि वाटांनी त्याला दूरच्या लोकांशी जोडले. या खोऱ्यात वस्ती आणि देवघेव अशी आरंभापासूनच एकत्र दिसतात.

याहा मोगीची टोपली

प्रकाशाहून पश्चिमेस अक्कलकुवा आणि तेथून डोंगर चढून गेल्यावर डाब हे गाव लागते. थंडीच्या दिवसांत येथे दवबिंदू गोठून गवतावर पांढरी साय धरते, तेव्हा वर्तमानपत्रांत डाबचे नाव येते. अलीकडे या थंडीचा उपयोग करून तेथील शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीची लागवडही केली आहे. आदिवासी समाजाच्या मनात मात्र डाबचे स्थान वेगळे आहे. राजा पांठा, गांडा ठाकूर आणि याहा मोगी यांच्या मौखिक कथांतील ही मूळभूमी होय.

याहा मोगी ही धान्याची माता. तिचे मुख्य स्थान सीमेपलीकडे, सागबारा तालुक्यातील देवमोगरा येथे आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला सातपुड्याच्या दोन्ही बाजूंचे लोक बांबूच्या टोपल्यांत नवे धान्य घेऊन तेथे जातात. तिची कथा दुष्काळाची आहे. मोठा दुष्काळ पडला, माणसे अन्नासाठी रानोमाळ भटकू लागली, तेव्हा मोगीने आपले कोठार उघडले आणि आलेल्याला धान्य दिले. म्हणून ती सर्वांची याहा, म्हणजे आई झाली. यात्रेतील काही चाली जैन आचाराशी जुळणाऱ्या नाहीत. परंतु कथेचा गाभा जैन वाचकाला परका वाटणार नाही. तेराव्या शतकात कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाने विक्रम संवत १३१३ ते १३१५ या दुष्काळात आपली धान्यकोठारे लोकांसाठी मोकळी केली. त्याचे चरित्र जैन घरांत आजही आदराने सांगितले जाते. एकीकडे डोंगरातली माता, दुसरीकडे बंदरातला श्रेष्ठी; दोघांचीही आठवण राहिली ती साठवलेल्या धान्यामुळे नव्हे, वाटलेल्या धान्यामुळे.

काठीचा दांडा

अक्कलकुवा तालुक्यातीलच काठी हे गाव राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे. ही होळी इसवी सन १२४६ पासून पेटत आली आहे, असे परंपरा सांगते. उंच बांबूचा दांडा आणला जातो, तो रोवण्याचा खड्डा अवजाराने न खणता हातांनी उकरला जातो आणि रात्रभर ढोलांच्या तालावर नाच झाल्यावर पहाटे होळी पेटते. बावा, बुध्या, मोरखी अशी रूपे घेणारे लोक त्याआधी कित्येक दिवस पालनी पाळतात. ब्रह्मचर्य, अनवाणी चालणे, खाटेवर न बसणे अशी तिची बंधने आहेत. पर्युषणात व्रत घेणाऱ्या घरांना या संयमाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

काठी हे मेवासी संस्थान होते. काठी, गव्हाळी, चिखली, नाल, सिंगपूर आणि नवलपूर ही पश्चिम खानदेशातील सहा मेवासी संस्थाने. इंग्रजी अमलात येथील जमिनीचा कारभार सपाटीवरील रयतवारीहून वेगळा राहिला. आज ती सत्ता नाही, मात्र तळोद्याच्या मेवासी वनविभागाने ते नाव टिकवून ठेवले आहे. होळीचा दांडा त्या काळातील गाव, शेत आणि रान यांची एकत्र आठवण देतो. रब्बी उरकली, मोहाची फुले गळू लागली, आता पुढच्या पावसाची वाट पाहावयाची, अशा संधिकालात तो उभा राहतो.

हद्दीचे दगड

यानंतरच्या खुणा सरकारी आहेत. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे जमिनीची मोजणी आली, शेताला नंबर आला, बांधाच्या कोपऱ्यावर हद्दीचा दगड आला. १८५२ साली सावदा परिसरातील शेतकऱ्यांनी या मोजणीस मोठा विरोध केला होता. १८७८ च्या वनकायद्यानंतर डोंगरातही राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. ज्या उतारावर आजोबाने नाचणी-भगर पेरली, त्याच उतारावर नातू अतिक्रमणदार ठरू लागला.

सपाटीवर वेगळे घडले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६० च्या दशकात, खानदेशी कापसाला अपूर्व भाव आला. पुढे तापी खोऱ्यातून सुरतकडे रेल्वे गेली. जमिनीला किंमत आली, तशी ती कर्जापोटी लिहून घेण्याची ओढही वाढली. १८९९–१९०० च्या छप्पनियाच्या दुष्काळाने आधीच कर्जात असलेल्यांना आणखी खचवले. सावकाराची वही आणि कोर्टाचा हुकूमनामा यांमधून भिल्ल कुटुंबांच्या जमिनी हातोहात गेल्या. घेणाऱ्यांत मोठे शेतकरी होते, तसेच दुकानदार आणि सावकारही होते. हा भाग व्यापारी घरांना वाचावयास सुखाचा नाही. तरी तो वगळून या प्रदेशाच्या शेतीचा इतिहास पुरा होत नाही.

१९७० च्या दशकाच्या आरंभी शेजारच्या शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती, म्हणजेच अंबरसिंग महाराज, यांनी गेलेल्या जमिनींचा प्रश्न उभा केला. श्रमिक संघटनेचे कार्यही त्याच भूमीत वाढले. त्यानंतर महाराष्ट्राने कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत देण्याची तरतूद त्यात होती. १ नोव्हेंबर १९७५ पासून तो अमलात आला. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले होते. १९७६ च्या कायद्याने पालेमोडीचा व्यवहार बंद करून धान्य व वनोपज यांच्या एकाधिकार खरेदीची वाट मोकळी केली. पेरणीच्या दिवसांत थोडेसे धान्य देऊन सुगीत कितीतरी पटींनी वसूल करण्याची रीत म्हणजे पालेमोड. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरांच्या मर्यादेत हक्क मान्य केला. जुन्या दगडांनी जे नाकारले होते, ते वनपट्ट्याच्या कागदाने अंशतः परत केले.

पाण्याखालची शिवारे

तालुक्याच्या उत्तरेस नर्मदा आहे. महाराष्ट्राच्या सीमेवरून ती सुमारे ५४ किलोमीटर वाहते. परिक्रमावासी ज्याला शूलपाणीची झाडी म्हणतात, तो हाच टापू. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील. त्यांपैकी मणिबेली हे आरंभीच बुडिताला सामोरे गेलेले गाव. शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही पाण्याखाली गेले.

१९७९ साली नर्मदा जलविवाद लवादाने जमिनीच्या मोबदल्यात जमीन हे तत्त्व मान्य केले आणि पात्र कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन ठरवून दिली. तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा अशा वसाहती उभ्या राहिल्या. नदीकाठी मासे, रानातला डिंक आणि उतारावरची भगर यांवर जगणाऱ्या माणसाला तेथे विकतच्या बियाण्याची, खताची आणि बाजाराची शेती करावी लागली. हक्काच्या पुनर्वसनासाठी अनेकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. जागतिक बँकेच्या मोठ्या धरणांविषयीच्या धोरणाविरुद्ध जगभरातील संघटनांनी १९९४ साली जे निवेदन काढले, त्याला मणिबेलीचेच नाव दिले गेले. धरणाने दूरच्या शेतांना व शहरांना पाणी दिले, हे खरे. त्या पाण्यातून पिकलेले धान्य घेताना, येथे कोणाची शिवारे बुडाली हेही आठवावे.

मोलगीचा तराजू

डोंगरातली मोठी बाजारपेठ मोलगी. उन्हाळ्याच्या तोंडाशी येथे मोहाची फुले येतात आणि पाठोपाठ आमचूर. कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी करून उन्हात वाळवण्याचे काम घरोघर, विशेषतः स्त्रियांच्या हातून होते. टोपलीभर कैऱ्या वाळून ओंजळीएवढ्या होतात. तो माल पाटीत घालून डोंगरवाटेने बाजारात आणला जातो. नंदुरबारच्या आमचुराला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

१ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजने लागू होऊ लागली आणि शेर-पायलीची जागा किलोने घेतली. त्यापूर्वी आदिवासी पट्ट्यांत मिठाच्या बदल्यात चारोळी घेण्याचे व्यवहार सर्रास होत. वजन बदलले, तरी तराजूच्या दोन बाजूंना उभी राहणारी माणसे त्याच स्थितीत राहिली. एकाला भाव ठाऊक असतो. दुसऱ्याला संध्याकाळपूर्वी तेल-मीठ घेऊन घरी पोहोचावयाचे असते. पावसाळा सरला की याच डोंगरांतील कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. अंगावर घेतलेली उचल फेडण्यातच त्यांचा हंगाम सरतो. मोलगीच्या बाजारात आमचुराला मिळालेला रास्त भाव त्यांची उचल तेवढी कमी करू शकतो.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमी-अधिक मापे वापरणे, अस्सल मालात नक्कल मिसळणे आणि राज्याचे नियम डावलणे यांचा समावेश आहे. शास्त्रकारांनी चोरीचा विचार करताना दुकानाचा उंबरठाही पाहिला होता. काट्यावर कटती न लावणे, दिवसाचा भाव दर्शनी लिहिणे, पैसे त्याच दिवशी चुकते करणे आणि उचलीचा हिशेब घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत सांगणे, हा मोलगी-खापर-अक्कलकुव्याच्या बाजारातला अचौर्याचा आचार होय. बाजारात विश्वासाचे दुकान कोणते, हे डोंगरातल्या माणसाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक असते, आणि त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात.

आखाजीचा दिवस

खानदेशात अक्षय तृतीया ही आखाजी. सालदाराचे साल येथे आखाजीला संपते आणि आखाजीलाच नवे ठरते. त्याच दिवशी जैन घरांत वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने होते. हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने भगवान ऋषभदेवांना इक्षुरस दिला, त्याचे ते स्मरण. कृषी आणि वाणिज्य ही दोन्ही कर्मे माणसाला ऋषभदेवांनीच शिकवली, असे परंपरा मानते. शेतकरी आणि व्यापारी एकाच गुरूचे शिष्य ठरतात.

त्या दीर्घ उपवासामागे एक कथा सांगितली जाते. मळणीच्या वेळी बैल धान्य खातात, म्हणून त्यांच्या तोंडाला मुसके बांधण्याचा सल्ला दिला गेला. त्यातून अंतराय कर्म बांधले गेले आणि पुढे प्रभूंनाच दीर्घकाळ आहारावाचून राहावे लागले. कष्टणाऱ्याच्या तोंडचा घास अडवण्याचा दोष किती दूरवर पोहोचतो, हे ही कथा सांगते.

आखाजीला सालदाराचा हिशेब मांडताना, किंवा मोहाची आणि आमचुराची पोती काट्यावर चढताना, घरातील मोठ्यांनी ही कथा मुलांना जरूर सांगावी. सवड मिळाल्यास त्यांना प्रकाशाची पांढर दाखवावी, काठीची होळी दाखवावी, नर्मदेच्या काठी नेऊन बुडालेल्या गावांची नावे सांगावीत. ज्यांच्याकडून माल घ्यावयाचा, त्यांच्या जमिनीवर काय गुजरले, हे ठाऊक असलेला मुलगा काट्यापुढे अधिक जबाबदारीने उभा राहील.