नारळ वाढव!

बाबांनी नवीन गाडी घेतली तेव्हाची गोष्ट. हार घालून झाला, कुंकू लावून झालं आणि आजी मला म्हणाली, "आता नारळ वाढव." मी धावत आत गेले आणि आणखी दोन नारळ घेऊन आले! सगळे पोट धरधरून हसले. वाढवणे म्हणजे 'इन्क्रीज', एवढंच माझं कॉन्व्हेंटचं मराठी. आजीने समजावलं, "अगं, वाढव म्हणजे फोड. पण शुभकार्यात 'फोड' म्हणू नये."

पुढे तिसऱ्या वर्षी सेमिनारला विषय घेतला, शब्दार्थांचं जाळं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ च्या सुमारास जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने इंग्रजीचं 'वर्डनेट' सुरू केलं. आय.आय.टी. मुंबईत हिंदी आणि मराठीचंही झालं. यात शब्द बाराखडीप्रमाणे नाही, तर नात्यागोत्याने बसतात. नारळ हा फळाचा एक प्रकार. करवंटी नारळाचा भाग. श्रीफळ हा समानार्थी शब्द. वाक्यात एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवून अर्थ तोच राहिला, की ते समानार्थी. सोप्पं!

सोप्पं कसलं? संस्थेने श्रीफळ दिलं तर सत्कार, कंपनीने नारळ दिला तर नोकरी गेली! आणि आजीचं 'वाढवणे' कुठे बसवायचं? 'फोडणे'च्या शेजारी ठेवावं, तर पेपर फुटला की 'पेपर वाढला' असं कोणी म्हणत नाही. म्हणजे हे नातं अर्थाचं कमी आणि भीतीचं जास्त. मोडणं, विझणं, संपणं तोंडातून निघू नये म्हणून त्याच्या उलटा शब्द वापरायचा. दुकान बंद करतानाही 'दुकान वाढवलं' म्हणतात. मला ही युक्ती भारी आवडली होती.

मग गेल्या वर्षी आजोबा गेले. परीक्षा चालू होती, त्यामुळे मला दोन दिवस उशिरा पोचता आलं. आजीचे हात मोकळे होते. मी विचारलं तर आत्या हळूच म्हणाली, "वाढवल्या गं बांगड्या."

या वेळी मला अर्थ समजावून सांगावा लागला नाही. हसलंही कोणी नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्या गोड शब्दाचा राग आला. नारळ वाढवताना आपण अशुभ टाळतो, ठीक आहे. पण इथे एका बाईच्या हातातल्या बांगड्या फोडल्या होत्या आणि शब्द मात्र असा, की ऐकणाऱ्याला काच टोचूच नये!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच्या बातम्यांत सरळ क्रियापदं होती: कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे. वाचताना वाटलं, एखादी गोष्ट थांबवायची असेल, तर आधी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी लागते.

दिवाळीला मी आजीसाठी हिरव्या काचेच्या बांगड्या नेल्या. ती बराच वेळ नुसती बघत बसली. आत्याही गप्प. शेवटी आजीने हात पुढे केला. मी जोर लावून बांगडी चढवायला लागले, तशी ओरडली, "अगं हळू, फुटेल ना!"

'वाढेल' नाही म्हणाली. 'फुटेल' म्हणाली. मला बरं वाटलं.