बहात्तर तास

शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरात आम्ही काही वर्षे राहिलो. यजमान सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यात नोकरीस होते. मी मूळची वसईची, त्या परिसरातील एका शाळेत विज्ञान शिकवीत असे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांची रांग लागे आणि मळीचा उग्र वास वर्गातही शिरे.

२००८ सालच्या अशाच एका हिवाळ्यात मी मुलींसाठी प्रश्नपेटी ठेवली होती. नाव न घालता मनात येईल ते विचारावे, अशी कल्पना. बहुतेक चिठ्ठ्या मुरुमांविषयी, परीक्षेच्या धास्तीविषयी असत. एका दुपारी मात्र एक वेगळीच ओळ निघाली : ‘बाई, टीव्हीवरची ती गोळी बहात्तर तासांत घ्यायची असते, ते तास कधीपासून मोजायचे?’

मी चिठ्ठी दुमडून पर्समध्ये टाकली आणि तास संपल्याचे सांगितले. अक्षर ओळखीचे वाटले. पण ओळखायचे नाही, असे मी ठरवले.

आडोसे पुष्कळ होते. आदल्याच वर्षी राज्यात शालेय लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती. प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणत ओलांडण्याची रीत तर त्याहून जुनी. शिवाय मी कॅथलिक. कृत्रिम संततिनियमन अमान्य करणारे पोप सहावे पॉल यांचे १९६८ चे परिपत्रक मी मानीत होते, आजही मानते. पण त्या मुलीने माझी परवानगी मागितली नव्हती. तिने वेळ विचारली होती. काय सांगावे, कोणास विचारावे, ह्या घोळात मी तीन दिवस घालवले. तीन दिवस म्हणजे बहात्तर तास, हे चौथ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापताना ध्यानात आले.

मग एका परिचित आरोग्यसेविकेकडे गेले. ती म्हणाली, तास संबंध घडल्यापासून मोजायचे. आणि बहात्तर ही काही थांबून राहण्याची मुदत नव्हे, गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी परिणामकारक. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे तिच्यातील द्रव्य, मात्रा दीड मिलिग्रॅम. ते मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. गर्भ रुजल्यावर त्याचा उपयोग नाही. त्याने गर्भपातही होत नाही. पुढील संबंधांपासून वा रोगांपासून संरक्षण तर मुळीच नाही. २००५ पासून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळते, पण मुलींचे ज्ञान जाहिरातीपुरते. कोणी पाळी चुकल्यावर घेते, कोणी वरचेवर. एखादीस ती कोणा पुरुषाने आणून दिलेली असते आणि कशाची गोळी हेही तिला ठाऊक नसते.

हे शेवटचे वाक्य मला फार बोचले. त्या चिठ्ठीमागे बळजोरी असेल, हा विचार माझ्या मनास शिवलाही नव्हता. मी केवळ पापाचा विचार करीत बसले होते. पुढे वाचनात आले की अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या आरोग्यसेवाविषयक नियमांतही, बलात्कारित स्त्रीस गर्भधारणा झाल्याचा पुरावा नसेल तर ती टाळणारे औषध देण्यास वाव आहे. आता अठरा वर्षांखालील मुलीशी संबंध हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे आणि तो कळल्यास पोलिसांत कळवणे बंधनकारक आहे. कायदा हवाच, परंतु घाबरलेली मुलगी त्या धाकाने दवाखान्याऐवजी औषधाच्या दुकानाकडे वळते, हेही खरे.

चिठ्ठी कोणाची होती, हे मी अखेरपर्यंत विचारले नाही. वर्गातील एकही बाक रिकामा झाला नाही, एवढ्यावर मी समाधान मानून घेतले.

गेल्या वर्षी वसईत आमच्या धर्मग्रामातील मुलींशी बोलण्याचा योग आला. मी चर्चची शिकवण सांगितली, आणि बहात्तर तासांचा हिशेबही सांगितला. मागच्या रांगेतील दोन माता उठून बाहेर गेल्या. सभा संपल्यावर एक मुलगी खुर्च्या आवरण्याचे निमित्त करून रेंगाळली. मी दार लोटून घेतले आणि तिच्याशेजारी बसले.