जनरल रजिस्टर आणि सी भाषा

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची यादी सिद्ध करण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा वरच्या वर्गातील मुलांना आम्ही सोबतीस घेतले. इतिहासाच्या शिक्षकाचा सी भाषेशी काय संबंध, असे कोणी विचारील. दफ्तर वाचणे हाच आमचा व्यवसाय, आणि मुलांचा प्रोग्रामही दफ्तरच वाचत होता.

जनरल रजिस्टरातील नोंदी वर्षवार फाइलींत टंकल्या होत्या. फाइलीचे नाव प्रोग्रामच्या आतच लिहिले, तर दर वर्षासाठी तो बदलून पुन्हा कंपाइल करावा लागतो. त्यापेक्षा आज्ञा देतानाच फाइलीचे आणि शोधायच्या विद्यार्थ्याचे नाव पुरवावे. ‘मेन’ला मग दोन गोष्टी मिळतात: ‘आर्गसी’ म्हणजे शब्द किती, ‘आर्गव्ही’ म्हणजे ते शब्द. प्रोग्रामचे स्वतःचे नाव शून्याव्या जागी बसून मोजणीत धरले जाते. म्हणून आर्गसी तीनपेक्षा कमी भरल्यास तेथेच थांबावे. नाव-आडनाव अवतरणचिन्हांत द्यावे, एरवी त्याचे दोन शब्द होतात.

‘एफओपन’ला फाइल उघडता आली नाही तर ‘नल’ मिळतो. तो तपासून ‘पीएरर’कडून कारण विचारावे. एकदा पडद्यावर उत्तर आले, परवानगी नाकारली. मुले हसली. आमच्या आजोबांना हे वाक्य पडद्यावाचून ऐकावे लागले होते.

खरी अडचण पुढेच होती. पहिल्या तुकडीतील एक मुलगी सापडेना. रजिस्टरात ती होती, फाइलीतही होती. प्रोग्राम मात्र नाही म्हणे. मुलांनी ओळीसाठी ६४ बाइटांची जागा ठेवली होती. ‘एफगेट्स’ त्यांतील फार तर ६३ भरतो, एक शेवटच्या शून्यासाठी राखतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘भीम’ एवढ्या शब्दाचे नऊ होतात. नोंद क्रमांक, जन्मतारीख, गाव आणि मग नाव, अशा ओळीत ६३ बाइट नावाच्या मध्यावरच संपले. उरलेले अर्धे नाव पुढच्या वाचनात निराळी ओळ होऊन आले.

मुलांनी जागा १०२४ केली, ओळीच्या शेवटी नवओळीचे चिन्ह आले की नाही हेही तपासू लागली. मुलगी सापडली. तिच्या नावापुढे, धर्माच्या रकान्यात, वडिलांनी आग्रहाने लिहवून घेतलेला शब्द होता: बौद्ध.