कथेत गाव कसे येते

घटना घडते ती जागा म्हणजे कथेचा परिसर, एवढीच व्याख्या धरली तर रत्नागिरी जिल्ह्यात लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक पहिल्या कथा सहज पास होतात. त्यांत समुद्र असतो, माड असतात, कौलांवर पाऊस वाजत असतो आणि ओटीवर आजी बसलेली असते. तोच प्रसंग उचलून साताऱ्याच्या एखाद्या वाड्यात ठेवला, तरी कथेतल्या कुणाचे काही अडत नाही. परिसर कथेत मुरला आहे की नाही हे ओळखण्याची सोपी रीत हीच: जागा बदलून पाहावी. कथा जशीच्या तशी उभी राहिली, तर गाव मागच्या पडद्यावर रंगवलेले आहे, एवढेच.

परिसर कामाला लागतो तो गरजेमुळे. पाऊस हे वर्णन. पाऊस आणि देणे एकत्र आले की प्रसंग. हापूसच्या बागायतदाराचे उदाहरण घेता येईल. त्याने हंगामाआधीच वाशीच्या दलालाकडून उचल घेतली आहे. पहिला मोहोर तुडतुड्याने गेला, दुसऱ्यावर फळ धरले, आणि एप्रिलच्या मध्याला पश्चिमेकडून आभाळ भरून आले. झाडावरचा आंबा बारा आण्यांवर आहे. उतरवायचा तो चौदा आण्यांना. आज झेला लावला तर फळ हाती लागेल, पण आढीत ते सुरकुतेल आणि पेटीवरचे नाव बाजारात खराब होईल. थांबावे तर वाऱ्यात अर्धी बाग खाली येईल. राखणीला असलेला नेपाळी गडी ओल्या फांदीवर चढायला तयार नाही, आणि घरातला सतरा वर्षांचा मुलगा मात्र तयार आहे.

इथे ‘आभाळ काळेभोर झाले होते’ या वाक्याला पहिल्यांदाच वजन येते. उचल, आणे, झेला, आढी हे शब्द सजावटीसाठी आलेले नाहीत; एकेक शब्द त्या माणसाची एकेक वाट बंद करतो. नवशिक्या लेखकाला तपशील गोळा करण्याची सवय लवकर लागते. कोणता तपशील पात्राला अडवतो हे पाहण्याची सवय उशिरा लागते, आणि काहींना लागतच नाही.

या बाबतीत अभ्यासाला सर्वांत जवळचे लेखक म्हणजे श्री. ना. पेंडसे. जन्म १९१३ सालचा, दापोलीजवळच्या मुर्डीचा. लहान वयातच ते मुंबईला गेले, पुढे बेस्टमध्ये नोकरी केली आणि कोकणावरच्या कादंबऱ्या मुंबईत राहून लिहिल्या. ‘एल्गार’ १९४९ मध्ये आली, ‘हद्दपार’ १९५० मध्ये, ‘गारंबीचा बापू’ १९५२ मध्ये. समीक्षकांनी त्यांना प्रादेशिक कादंबरीकार ठरवले. या शिक्क्याने वाचकाचे लक्ष निसर्गवर्णनाकडे जाते, म्हणून तो थोडा दिशाभूल करणारा आहे. पेंडशांच्या गावाचा कणा निसर्गापेक्षा खोतीत आहे. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा. सारा गोळा करणारा तो, म्हणून गावात शब्दही त्याचाच. ‘गारंबीचा बापू’मधला बापू हा गरीब घरचा, कुणाला न जुमानणारा पोर. तो असा वागला की ते वागणे आपोआप अण्णा खोतांच्या विरोधात जाते. लेखकाला संघर्ष बाहेरून आणावा लागत नाही. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. कादंबरी आली तेव्हा ती सत्ता कागदावर संपली होती. माणसांच्या वागण्यातून ती इतक्या लवकर जाणार नव्हती. आज लिहिणाऱ्याने आपल्या गावात तसा कणा शोधावा. तो सहकारी सोसायटीत सापडेल, देवस्थानच्या मानपानात सापडेल, शिमग्याची पालखी आधी कुणाच्या अंगणात जाते या वादातही सापडेल.

चिं. त्र्यं. खानोलकरांचा मार्ग निराळा. त्यांचे वेंगुर्ले–कुडाळ हे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. ‘कोंडुरा’मध्ये भूगोल पात्राच्या भयातून आणि श्रद्धेतून दिसतो. ही वाट मोहक आहे, पण अनुकरणाला फार वाईट. खानोलकरांची गूढता उसनी घेतलेल्या कथांत धुके बरेच असते आणि माणूस सापडत नाही.

निवेदक कोण, हा प्रश्न परिसराला चिकटूनच येतो, कारण गाव कुणाच्या डोळ्यांनी दिसते यावर त्यातले काय दिसते ते ठरते. ह. ना. आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितली. त्यामुळे घरातली सत्ता माजघराच्या बाजूने दिसते. बाहेर बैठकीत काय ठरले ते यमूच्या कानावर येईल तेवढेच वाचकाला कळते. पेंडशांच्या ‘रथचक्र’ची नायिका शेवटपर्यंत ‘ती’च राहते. मुलाच्या शिक्षणासाठी झगडणाऱ्या त्या बाईला घराने जे नाते दिले त्यापलीकडे नाव नाही, हे त्या एका सर्वनामाने सांगून होते. कादंबरीला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निवेदकाला कळू न शकणाऱ्या गोष्टी लेखकाने त्याच्या तोंडी घातल्या की पहिल्या मसुद्यातला सर्वांत मोठा दोष तयार होतो. आंब्याच्या कथेत सतरा वर्षांचा मुलगा निवेदक असेल, तर उचल किती घेतली हे त्याला माहीत नसावे. रात्री फोनवर बोलताना बापाचा आवाज खाली येतो, एवढे मात्र त्याला ऐकू यावे.

संवादात बोली किती आणावी यावर वाद पुष्कळ झाले आहेत. संगमेश्वरी, कुणबी, दालदी अशा बोली एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदतात. प्रत्येक उच्चार कागदावर उतरवायला गेले की वाचक शब्द फोडत बसतो आणि बोलणारा माणूस हातचा जातो. लेखनापेक्षा लय सांभाळावी: वाक्य कुठे तुटते, क्रियापद कुठे येते, हेल कुठे लांबतो. बोलीतले चार नेमके शब्द पुरतात आणि त्यांचा अर्थ कंसात देण्याची गरज पडत नाही. वाक्यातून कळला नाही, तर वाक्य दुरुस्त करावे.

संबोधन हे मराठी कथाकाराच्या हातातले स्वस्त आणि धारदार हत्यार आहे. ‘अहो खोतानू’ म्हणणारा गडी एका दुपारी ‘अरे’ म्हणतो, तेव्हा पानभर स्पष्टीकरण वाचते. विधवा सुनेला सासरा ‘तू’वरून ‘तुम्ही’वर आला, तर त्या घरात काय तुटले ते वाचक स्वतःच शोधू लागतो.

तंत्राची पुस्तके मराठीत जुनी आहेत, ना. सी. फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ सालचे. गुंफण, उत्कंठा, कलाटणी यांचे शिक्षण त्या परंपरेने दिले. पुढे गाडगीळ, गोखले, माडगूळकर यांच्या नवकथेने कलाटणीचा शेवट जवळजवळ हद्दपार केला. नव्या लेखकाने दोन्ही वाचावे, मात्र कलाटणीचा मोह आवरावा. कोसळलेल्या फांदीखाली मुलगा सापडला, हा शेवट वाचकाने तिसऱ्या परिच्छेदातच ओळखलेला असतो.

कथा थांबण्याची जागा निर्णय परत घेता येत नाही तिथे असते. बागायतदाराने बारा आण्यांचा आंबा उतरवला, पेंढ्यात भरला, पेट्यांना खिळे ठोकले. ट्रक हातखंब्याच्या तिठ्यावरून महामार्गाला लागला की त्याच्या हातात काही उरत नाही. वाशीहून पट्टी कितीची आली, हे लिहायचे नाही.