रत्नागिरीहून मंडालेला

वाचकहो, आपण इंदूरला राहत असाल, बडोद्यास असाल किंवा बंगळूरला. रत्नागिरीचे नाव निघाले की आपणांस प्रथम हापूस आंबा आठवेल. आम्हां रत्नागिरीकरांची त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आमच्या या लहानशा गावात दोन वास्तू अशा आहेत की त्यांचे धागे थेट ब्रह्मदेशात जाऊन पोहोचतात. एक लोकमान्य टिळकांचे जन्मघर आणि दुसरी खाडीवरच्या टेकडीवरील थिबा राजवाडा. मी लहानपणापासून दोन्हींच्या अंगणांत खेळलो आणि तरीही, कित्येक वर्षे, त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे माझ्या मनातही आले नव्हते.

2018 च्या जानेवारीत कलकत्त्याहून विमानाने यांगोनला आणि तेथून रात्रीच्या बसने मंडालेला गेलो. यांगोनमध्ये दिल्लीच्या अखेरच्या बादशहाची, बहादुरशहा जफर याची, कबर पाहिली. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात! इंग्रजांची ही अदलाबदल पुस्तकात वाचली होती. डोळ्यांनी पाहताना ती फार निराळी वाटली.

मंडालेची पहिली सकाळ मात्र थेट घरची आठवण देणारी निघाली. न्याहारीला ‘मोहिंगा’ आला. तांदळाच्या शेवया आणि त्यांवर माशांचा दाट रस्सा! कोकणी माणसाला परदेश परका वाटू नये म्हणून याहून अधिक काय हवे? रस्त्यावर बायकामुलांच्या गालांवर पिवळसर लेप दिसत होता. ‘थनाका’ नावाच्या झाडाची साल, आपण सहाणेवर गंध उगाळतो तशीच, दगडावर पाण्यात उगाळून तो लावतात. चहाची पाने आंबवून, त्यांत शेंगदाणे, तीळ व लसूण घालून केलेली कोशिंबीरही खाल्ली. ती मात्र मला फारशी रुचली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मंडालेचा किल्ला चौरस आहे. एकेक बाजू सुमारे 2 किलोमीटर लांब आणि सभोवती रुंद, संथ खंदक. येथेच 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रज सैन्य शिरले आणि थिबा राजाला राणीसह इरावतीच्या काठी नेऊन आगबोटीवर चढविण्यात आले. पुढे मद्रासमार्गे 1886 साली तो आमच्या गावी आला, तो परत गेलाच नाही. त्याचा सागवानी राजवाडा दुसऱ्या महायुद्धात, 1945 च्या मार्चमध्ये, जळून गेला. मी पाहिला तो 1990 च्या दशकात पुन्हा उभारलेला. त्याचे पत्र्याचे छप्पर पाहून मन थोडे खट्टू झाले.

याच किल्ल्यातील तुरुंगात लोकमान्य 1908 पासून 1914 पर्यंत होते. 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी येथे पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. 1912 मध्ये पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांना येथेच कळली. मी त्या तुरुंगाची खूण शोधली, पण किल्ल्याचा बराच भाग लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रवाशाला ठरावीक वाटेबाहेर पाऊल टाकता येत नसे. खंदकाच्या काठी उभा राहून मी मनाशी हिशेब केला. ज्या हिवाळ्यात रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैदी म्हणून लिहीत बसला होता, त्याच हिवाळ्यात मंडालेचा राजा रत्नागिरीत, 1910 साली बांधून झालेल्या राजवाड्यात, कैदी म्हणून समुद्राकडे पाहत बसला असेल.

दुपारी श्वेनानडॉ नावाचा लाकडी मठ पाहिला. मूळ राजवाड्यातील हे एक दालन. थिबाचे वडील मिंडोन राजे यांचा 1878 मध्ये त्यातच अंत झाला. पित्याचा आत्मा तेथे वावरतो या भीतीने थिबाने ते दालन उचलून किल्ल्याबाहेर हलविले व भिक्षूंना देऊन टाकले असे सांगतात. राजवाडा जळाला, भीतीपोटी बाहेर काढलेले हे दालन तेवढे वाचले. त्याच्या काळवंडलेल्या सागवानावरील कोरीव काम पाहता पाहता मान दुखू लागते.

मठाच्या पायऱ्यांशी एक वृद्ध बाई फुले विकत होती. तिने आमच्या वाहनचालकाकरवी विचारले, मी कोठला? तो मोडके हिंदी बोलत असे. मी ‘रत्नागिरी’ म्हणालो. तिला काही उमगले नाही. चालकाने क्षणभर विचार करून ‘यदनागिरी’ असा उच्चार केला, आणि तिचा चेहराच पालटला! ‘रत्ना’ला ते लोक ‘यदना’ म्हणतात. मंडालेचे जुने नावही ‘यदनाबोन’, म्हणजे रत्नपुंज. तिने आपली टोपली बाजूला ठेवली आणि विचारले, “आमच्या राजाच्या समाधीवर कोणी फुले घालते का?”

वाचकहो, थिबा 1916 साली वारला. त्याची समाधी माझ्या घरापासून पायी पाऊण तासाच्या अंतरावर आहे. ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष 2012 मध्ये तिचे दर्शन घेऊन गेले, ते मी वर्तमानपत्रात वाचले होते. परंतु मी स्वतः तेथे एकदाही गेलो नव्हतो. मी “होय” म्हणालो. तिने मूठभर फुले माझ्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत.

ती फुले अर्थातच वाटेत सुकली. घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी अंगणातील सोनचाफ्याची फुले घेऊन गेलो. घरांच्या गर्दीत समाधी शोधावी लागली; दोघांना विचारले, तर दोघांनीही मला थिबा पॉइंटची वाट दाखविली.

28 मार्च 2025 रोजी मंडालेजवळ 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला. किल्ल्याच्या तटाचे ढासळलेले भाग छायाचित्रांत पाहिले. चालकाचा दूरध्वनी क्रमांक माझ्यापाशी होता. आठ दिवस रोज लावून पाहिला. तो लागला नाही. त्या बाईचे तर नावही मी विचारले नव्हते. सोनचाफा फुलला की मी अजून समाधीवर जातो.