येरवड्याची टेकडी आणि चौलचे बंदर

अलिबागेहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता समुद्राला समांतर असला तरी समुद्र त्यावरून क्वचितच दृष्टीस पडतो. दोहों बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांना पाणी पुरविणाऱ्या दगडी विहिरी आणि कौलारू घरांच्या ओट्यांवर वाळत घातलेल्या सुपाऱ्या यांच्या आडून केवळ त्याचा गंभीर नाद तेवढा कानी येत राहतो. दिवाळीनंतरच्या दिवसांत, भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडून आणि पुढे एस.टी.ने अलिबाग गाठून, मी या रस्त्याला लागलो तो सहलीसाठी नव्हे. पुण्यात येरवड्याच्या टेकडीवरील डेक्कन कॉलेज या अभिमत विद्यापीठाच्या ग्रंथालयात मध्ययुगीन कोकणाविषयीची प्रकाशने चाळीत असता, ज्या मुलखाबद्दल त्या येरवड्याच्या टेकडीवर एवढे लिहिले, वाचले आणि खोदून काढले गेले, तो मुलूख त्या विद्यापीठाच्या दृष्टीने एकदा पायी तुडवावा, ही इच्छा मनात दृढ होत गेली होती.

विद्यापीठाची गोष्ट सांगायची तर ती पेशव्यांच्या दक्षिणेपासून सांगावी लागते. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची जी प्रथा सुरू केली आणि जी पुढे पेशव्यांनी श्रावणमासी पुण्यात मोठ्या इतमामाने चालविली, तिचा निधी १८१८ नंतर इंग्रजी अमलाच्या हाती आला, आणि त्यातील काही भाग बाजूस काढून एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज उघडण्यात आले. त्याचेच १८५१ साली पूना कॉलेज झाले. सर जमशेटजी जिजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीच्या आधारे येरवड्यास उभ्या राहिलेल्या दगडी इमारतीची कोनशिला १८६४ साली गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी बसविली, आणि तेव्हापासून डेक्कन कॉलेज हे नाव चालू झाले. टिळक, आगरकर आणि इतिहासाचार्य राजवाडे या टेकडीवर शिकले, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी येथे अध्यापन केले, हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने विस्मृतीत गेलेली बाब ही की, १९३४ साली सरकारने हे कॉलेज बंद केले होते. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागून ते वाचविले. आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पुन्हा उघडले तेव्हा पदवीच्या वर्गांचे कॉलेज राहिले नव्हते, पदव्युत्तर संशोधनाची संस्था झाले होते.

त्या पुनर्जन्माच्या वेळी जी मंडळी एका छताखाली आली, तिचा विचार करताना माझे मन आजही हर्षित होते. भाषाशास्त्रासाठी सुमित्र मंगेश कत्रे, पुरातत्त्वासाठी हसमुख धीरजलाल सांकळिया, समाजशास्त्रासाठी इरावती कर्वे आणि मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकर! त्याच वर्षी रावबहादूर दत्तात्रेय बळवंत पारसनीसांनी आयुष्यभर जमविलेला साताऱ्याचा संग्रह, त्यातील नाना फडणिसांच्या मेणवली दफ्तरासह, येरवड्यास हलविण्यात आला. दफ्तर आणि त्याचा वाचक एकाच साली एकाच वास्तूत यावेत, असा योग संस्थांच्या इतिहासात फार क्वचित येतो. पुण्यात त्यापूर्वी इतिहाससंशोधन नव्हते असे नाही. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापिलेले भारत इतिहास संशोधक मंडळ तीन दशके अखंड काम करीत होते, आणि त्यामागे गावोगाव पायपीट करून अडगळीतील कागदांचे रुमाल सोडविणाऱ्या माणसांचे तप होते. परंतु मंडळ हे लोकांच्या वर्गणीवर आणि ध्यासावर चाललेले होते. पगारी अध्यापक, नियमित प्रकाशनमाला आणि शेजारच्या खोलीत निराळ्या शास्त्राचा जाणकार, ही सोय येरवड्यासच प्रथम झाली.

ही सोय म्हणजे नेमके काय, हे मला आक्षीत उमगले. अलिबागेच्या दक्षिणेस पाऊण तासाच्या चालीवर हे गाव आहे, आणि तेथे दोन गद्धेगाळ, म्हणजे शापवाणी कोरलेले दगड, आहेत. पैकी एकावर चंद्र-सूर्य, खाली शापवाणीचे ते सुपरिचित अभद्र चित्र, आणि मधे काही ओळींचा लेख. त्यात पश्चिमसमुद्राचा अधिपती म्हणविणाऱ्या केसीदेवराय नामक राजाचा, भइर्जु सेणुई या त्याच्या महाप्रधानाचा आणि देवी महालक्ष्मीच्या बोडणासाठी नेमून दिलेल्या नऊ कुवली धान्याचा उल्लेख आहे. पुणे विद्यापीठाचे शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काल शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. तो मान्य केल्यास ज्ञात मराठी कोरीव लेखांत याचे स्थान अग्रभागी येते. इतरांनी तो दोन शतके अलीकडे ओढला, कारण शिलाहारांत केशिदेव नावाचे राजे एकाहून अधिक झाले आणि झिजलेल्या दगडावरील अंक दोन प्रकारे लागू शकतात. दुसरा गद्धेगाळ शके १२१३ चा, देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळचा, त्याविषयी असा वाद नाही. उन्हात त्या दगडापुढे उभा राहून मी अक्षरांवर बोट फिरवीत होतो, तेव्हा शेजारच्या वाडीतून एक वृद्ध गृहस्थ आले आणि म्हणाले, “वाचता येतंय का काही? आमच्या लहानपणी याच्यावर बसायचो आम्ही.” त्यांच्या स्वरात अपराधाची नव्हे, आपलेपणाची भावना होती.

हा दगड एकट्या शास्त्राच्या वाचनाने पुरता उलगडत नाही. अंक लावण्यास लिपिज्ञ हवा. ‘बोडण’ हा विधी आजही कोकणात होतो, हे जाणणारा समाजाभ्यासक हवा. कुवली हे माप किती, हे सांगण्यास महसुली कागदांचा जाणता हवा. आणि ही भाषा कोणत्या टप्प्यावरची, हे ठरविण्यास भाषाशास्त्री हवा. कत्र्यांनी १९४२ साली कोकणी भाषेच्या घडणीवर ग्रंथ सिद्ध केला, आणि अमृत माधव घाटग्यांनी १९६६ साली याच जिल्ह्यातील महाडच्या कुणबी बोलीचे वर्णन छापले, ही नुसती व्याकरणे नव्हेत. आक्षीच्या दगडाला कान लावण्याची ती साधने आहेत.

नागाव मागे टाकून चौलला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. रामेश्वराच्या पुष्करणीकाठी क्षणभर टेकून पुढे निघालो, आणि जसजसा बाजारपेठेबाहेर जाऊ लागलो तसतसे त्या गावाचे खरे आकारमान मनात भरू लागले. टॉलेमीला हे बंदर सिमिल्ला या नावाने ठाऊक होते, इ. स. ९१६ च्या सुमारास बगदादचा मसूदी येथे उतरला तेव्हा येथे शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता, राष्ट्रकूटांची त्यावर सत्ता होती, आणि सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले व येथेच जन्मलेले असे सुमारे दहा हजार मुसलमान या गावी नांदत होते, त्यांचे तंटे मिटविण्यास राजाने त्यांच्यातूनच एक ‘हुनरमन’ नेमला होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या कोकणी बंदरात परधर्मी व्यापाऱ्यांना स्वतःची अदालत होती, ही एक ओळ आपल्या मध्ययुगाविषयीच्या कितीतरी ठाम समजुती हलवून सोडते. पंधराव्या शतकात त्वेर नगरीचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन घोडा विकण्याच्या आशेने याच किनाऱ्यावर उतरला आणि येथून जुन्नरमार्गे बिदरला गेला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे.

पण चौलचे हे वैभव दीर्घकाळ केवळ परक्यांच्या प्रवासवृत्तांतांत राहिले. गेर्सन द कुन्यांनी १८७६ साली चौल आणि वसईवर पुस्तक लिहिले, १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने त्यात भर घातली. जमिनीतील पुरावा मात्र जमिनीतच होता. सांकळिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीवर उत्खनन केले, तेव्हा सातवाहन थराच्या वर बहामनी थर त्यांनी तितक्याच काळजीने उकलला. मध्ययुगदेखील कुदळीच्या कक्षेतले आहे, हे महाराष्ट्राला तेथे प्रथम समजले असे मी मानतो. ती परंपरा चौलपर्यंत यायला अर्धशतक लागले. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत विश्वास गोगटे आणि त्यांचे डेक्कन कॉलेजातील सहकारी येथे आले. गोगटे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. खापराच्या मातीवर क्ष-किरणांचा प्रयोग करून ती कोणत्या मुलखातील हे ठरविणे, हा त्यांचा विषय. सातवाहनकालीन विटांची बांधकामे येथे सापडली, आणि त्यांच्या जोडीला भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांचे, पश्चिम आशियातील झिलईदार भांड्यांचे आणि चिनी मातीच्या पात्रांचे तुकडेही मिळाले. वाडीत आळे खणताना आजही निळसर खापर वर येते, असे मला तेथील एका माळ्याने सांगितले. ते ज्याच्या हाती येते त्याने फेकून न देता नोंदवून ठेवावे, इतकी साधी व्यवस्था चौलला असावी, असे त्या क्षणी तीव्रतेने वाटले.

चौलच्या पुढे रेवदंडा. रस्ता सरळ जुन्या तटातूनच आत शिरतो. १५०८ च्या मार्चमध्ये याच खाडीच्या मुखाशी मिसरच्या सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अय्याज यांनी मिळून पोर्तुगीज गलबते गाठली, व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्या झुंजीत पडला, आणि बापाने पुढल्याच वर्षी दीवजवळ त्याचा सूड घेतला. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने येथे कोट उभारण्यास आरंभ झाला. १५७०-७१ साली मुर्तजा निजामशहाने कित्येक महिने वेढा घालूनही तो पडला नाही. आता तटाच्या आत पोफळींची दाट सावली आहे, आणि तिच्यातून फ्रान्सिस्कनांच्या मठाचा सातखणी म्हणविला जाणारा मनोरा, वरचे मजले ढासळलेले असूनही, उंच उभा आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा आधारच तुटला आणि १७४० च्या तहाने रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले.

या घटनेचा एक पक्ष मोडी दफ्तरात आहे आणि दुसरा गोव्याच्या पुराभिलेखागारात. शेजवलकरांचे मोठेपण मला येथे जाणवते. पानिपतावरील त्यांचा प्रबंध १९४६ साली डेक्कन कॉलेजच्या मालेत निघाला. मेणवली दफ्तरातून नागपूरकर भोसल्यांचा पत्रव्यवहार त्यांनी दोन खंडांत संपादिला. १९६१ साली ‘कोकणच्या इतिहासाची पार्श्वभूमी’ लिहून त्यांनी किनाऱ्याकडे मोर्चा वळविला. आणि ज्यासाठी आयुष्य वेचले ते शिवचरित्र लिहिण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९६३ मध्ये, त्यांचे देहावसान झाले. मागे राहिली ती प्रस्तावना, आराखडा आणि साधने १९६४ साली मराठा मंदिराने प्रसिद्ध केली. मराठ्यांच्या पराभवाची कारणे त्यांनी नुसत्या रणांगणावर शोधली नाहीत. राज्यसंस्थेच्या रचनेत, समाजात आणि दूरदृष्टीच्या अभावात शोधली. काही ठिकाणी त्यांची मते टोकाची वाटतात, आणि मलाही ती सर्व पटत नाहीत. पण कागद कोणाला दुखवील याची पर्वा न करता वाचावा, हा जो धडा त्यांनी त्या वास्तूत घालून दिला, तो कोणत्याही सनदेहून मोलाचा आहे. समुद्राच्या बाबतीत त्यांना जोड मिळायला हवी होती ती गोव्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांची. तिकडे पिसुर्लेकर आयुष्यभर पोर्तुगीज कागदांत मराठ्यांचा शोध घेत होते, इकडे येरवड्यास मोडी रुमाल सुटत होते, आणि मधे १९६१ पर्यंत दोन राज्यांची सरहद्द होती.

कोर्लईला होडीने जाता येत असे. आता कुंडलिकेच्या खाडीवर पूल आहे. दीपगृहाशेजारून किल्ल्यावर चढलो. निमुळत्या डोंगराचा सुळका दोन्ही बाजूंनी पाणी घेऊन समुद्रात शिरलेला, त्यावर एकामागून एक आडव्या तटांनी पाडलेले भाग, मध्ये चर्चचे भग्नावशेष आणि पोर्तुगालची राजचिन्हे कोरलेले दगड. १५९४ साली हा डोंगर निजामशाहीकडून पोर्तुगिजांनी घेतला तेव्हा झालेल्या कत्तलीच्या कथा इतिहासात आहेत. परंतु खाली वस्तीत जे उरले आहे, त्याची बरोबरी कोणताही तट करू शकत नाही. कोर्लईच्या ख्रिस्ती कुटुंबांत आजही पोर्तुगीज शब्दांवर आणि मराठी वळणावर घडलेली एक भाषा घरोघर बोलली जाते; पोर्तुगीज अंमल जाऊन पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, भोवती सर्वत्र मराठी, तरी ती टिकली. तिचे सांगोपांग वर्णन १९९६ साली क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने केले. ते परदेशी विद्वानाने केले याबद्दल मला कृतज्ञताच वाटते. तरीही ज्या टेकडीवर भाषाशास्त्र आणि मराठ्यांचा इतिहास १९३९ पासून शेजारी नांदत आले, आणि जी १९९० पासून अभिमत विद्यापीठ आहे, तेथील एखाद्या विद्यार्थ्याने पोर्तुगीज शिकून, मोडी वाचून, चौल ते कोर्लई ही भूमी आपला प्रबंधविषय करावा, ही माझी अपेक्षा आहे. गोव्यातील कागद आता सर्वांना खुले आहेत, पारसनीसांचा संग्रह येरवड्यास आहे, खापरांचे थर चौलच्या वाड्यांखाली आहेत, आणि कोर्लईच्या वृद्ध स्त्रियांची भाषा ऐकण्यास मात्र आता फार वर्षे हाती नाहीत.